बहिणीने आईवर केलेलं गाणं

माझी धाकटी बहीण ‘सोल’ प्रकारातली इंग्रजी गाणी गाते. म्हणजे एक शब्द घ्यायचा, त्याला दहा वळणं द्यायची, तालाच्या जरा मागे रेंगाळायचं आणि शेवटी आवाज मुद्दाम फाटू द्यायचा. लोकांना वाटतं, काळीज फाटलं. तो फाटका आवाज लंडनच्या कडेला, आमच्या स्टॅनमोरच्या घराच्या बाथरूममध्ये दोन वर्षं घोटला जात होता आणि मी दाराबाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभी असायचे.

सुरुवात मंडळाच्या गणपतीत झाली. मग पब, मग लोकांची लग्नं, मग एक रेकॉर्ड कंपनी. गाणी स्वतःच लिहिते. पहिल्या अल्बममध्ये उपासमार होती, भाड्याची गारठलेली खोली होती. वडील हॉस्पिटलात कन्सल्टंट, ही बया उपाशी कधी राहिली? फार तर चतुर्थीला, तेही दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी हादडून.

दुसऱ्या अल्बममध्ये तिने आईला घातलं. आई गेली तेव्हा ही ग्लासगोत शो करत होती. वॉर्डात तीन आठवडे मी बसले होते. आणि गाण्यात काय, तर ‘तुझा हात माझ्या हातात होता आणि तू डोळे मिटलेस.’ गाणं इंग्रजी, पण अर्थ एवढाच. नेमकं तेच गाजलं.

गेल्या महिन्यात लंडनला तिचा कार्यक्रम झाला. त्या ओळीला अख्खं थिएटर नाक पुसत होतं. शेजारची अनोळखी बाई माझा दंड धरून रडली. मला किळस आली. मी ठरवूनच गेले होते, आज हिला तोंडावर विचारायचं, कुणाच्या हातात होता गं तो हात?

कार्यक्रम संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये गेले. ती आरशासमोर खोट्या पापण्या काढत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “ताई, आय नो, मी तिथे नव्हते. म्हणून तर लिहिलं. आईने लास्टला माझं काही विचारलं का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

आईने विचारलं होतं. शेवटच्या दुपारी म्हणाली, “तिचं गाणं लाव गं जरा.” मला त्या रडगाण्यांचा इतका वीट आला होता, की मी म्हटलं, बॅटरी संपलीये. तिने बरं म्हणून मान हलवली आणि डोळे मिटले. फोन माझ्या पर्समध्ये होता, सकाळीच चार्ज केलेला.