चौकटीतली ओळ

लाल तांदूळ दळायला घातला की गिरणीत एक वेगळाच वास सुटतो. पांढऱ्या तांदळाचा वास कोरडा, जवळजवळ नसल्यासारखा. कोरगुटाला, म्हणजे आमच्या या लाल तांदळाला, मात्र वास असतो: ओल्या बांधाचा, खाडीच्या गाळाचा, भरती ओसरल्यावर मागे राहणाऱ्या चिखलाचा. खारं पाणी पिऊन वाढलेलं भात आहे ते, पीठ झालं तरी आपलं मूळ लपवत नाही. डिचोलीत मी लग्न होऊन आले तेव्हा या गावाला खाणीच्या लाल धुळीखेरीज दुसरा वासच नव्हता. आता ट्रक कमी झाले आणि माझ्या गिरणीत वर्षातून चार-पाच वेळा कोणीतरी कोरगुट घेऊन येतं. पोळ्यांसाठी, म्हणजे तव्यावरच्या घावनांसाठी, बारीक दळून द्या म्हणतं. मी देते. वास तेवढा दिवसभर कपड्यांना राहतो.

गेल्या डिसेंबरच्या शेवटी असाच वास भरला होता आणि माझी भाची आली होती. वर्ष संपताना फोन आपण वर्षभर काय ऐकलं त्याची यादी करून देतो. तिने माझा फोन उचलला, यादी पाहिली आणि हसली. "मावशी, वर्षभर तू एकच गाणं ऐकलंयस की." खरं होतं. यादीत खाली भजनं होती, नाटकांतली पदं होती, दोन-तीन सिनेमाची गाणी होती. पण सगळ्यांत वर, बाकीच्यांना कितीतरी मागे टाकून, एक गाणं होतं, ते लावणीचं. भाताच्या लावणीचं. ते फोनवर आलं तेही भाचीमुळेच. ती जुने कागद स्कॅन करण्याच्या कामावर आहे. शेतकी कचेऱ्यांच्या कपाटांतली पत्रकं, सल्ल्याच्या पुस्तिका, कीड ओळखायची चित्रं, सगळं ते लोक संगणकात घालतात. त्या ढिगात पेडणे तालुक्यातली एक कॅसेट निघाली आणि तिच्यासोबत एक पिवळं पत्रक. कॅसेटवरचा आवाज मी पहिल्या स्वरालाच ओळखला. पत्रकही ओळखलं. ते तर मी माझ्या हाताने चुलीत घातलं होतं. कचेरी आपली प्रत राखून ठेवते हे तेव्हा मला सुचलं नव्हतं.

आमचं माहेरचं गाव पेडण्यात, पार्स्याच्या बाजूचं. वर मरड, म्हणजे पावसाच्या पाण्यावरची गोडी शेतं. खाली नदीकाठी बांध घालून राखलेलं खाजण, म्हणजे खारी शेतं, त्यांत कोरगुट. लावणीला बायका उतरल्या की एकजण गीत घालायची आणि बाकीच्या उचलायच्या. ही गीत घालणारी बाई कोणीही होत नसे. आमच्याकडे ती एकच होती, पन्नाशीची, विधवा, स्वतःची वीतभर जमीन नसलेली. तिचे हात तेव्हाच मंदावले होते. तिची रोपांची ओळ नेहमी दुसरी कोणीतरी पुरी करायची. तरी प्रत्येक घर तिला आधी सांगून ठेवायचं, कारण ती गायली की दहा बायकांचे वीस हात एका तालावर चालायचे. शेवटच्या दिवशी सुपातलं पहिलं भात तिचं. त्यावर आणि त्या मानावर ती जगायची. दर पावसाळ्यात तिचं एक गीत चढायचं. लावणीभर तेच पुन्हापुन्हा मागितलं जाई आणि शेवटची मूठ रोवताना तेच म्हटलं जाई. हिशोब ठेवायला फोन नव्हता, पण यंदाचं गीत कोणतं हे गावाला बरोबर ठाऊक असायचं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची गोष्ट. कोंकणी की मराठी यावरून पुरुष तिठ्यावर अजून भांडत होते. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि तिठ्यावरच्या कुणाहीपेक्षा मला जास्त कळतं अशी माझी खात्री होती. शेतकी कचेरीतला माणूस मोटरसायकलवरून नवं बियाणं घेऊन आला. घरोघरी पत्रकं वाटली, ती लोकांनी आढ्याला खोचली. बायका सभेला येत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. हुशार माणूस होता. त्याने या गाणाऱ्या बाईला गाठलं आणि पत्रकातलं गीतात घाल म्हणून विनवलं. तिला वाचता येत नव्हतं. शिवाय पत्रक पुस्तकी मराठीत, ती भाषा आमच्या बायकांच्या तोंडी बसणारी नव्हती. म्हणून वाचून, समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मे महिन्याची दुपार. आम्ही तिच्या झोपडीच्या सोप्यावर बसलो होतो. शेजारच्या घरी थोड्याच वेळात रेडिओवर फर्माइशीची गाणी लागायची होती. माझ्या मैत्रिणीने माझं नाव कळवलं होतं आणि ते आज येईल असं मला वाटत होतं. मी भराभर वाचत होते. बी मिठाच्या पाण्यात घाला, पोचट तरंगेल ते काढून टाका, तळाशी बसेल ते घ्या. तीन-तीन काड्या लावा. वीतभर अंतर सोडा. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. मी कागदाची घडी घालू लागले तेव्हा तिने बोट ठेवलं. तळाशी एक चौकट होती.

"ह्या चौकटीत काय लिवलां?"

"कायच ना गे. छापखान्याचां नाव."

"उगीच कोण चौकट घालिना, बाय."

"नाव म्हटल्यार घालतत," मी म्हटलं आणि उठले. रेडिओवर माझं नाव काही आलं नाही.

तिने गीत बांधलं ते असं:

मिठाच्या उदकात बियाणां घाल,
तरंगता तां उडय गे, बुडता तां पाळ.
मरडीत घाल गे, खाजनात घाल,
नव्या बियाणाची गे नवीच चाल.

त्या वर्षी हे गीत जसं चढलं तसं दुसरं कुठलंच कधी चढलं नाही. पाटावर धुणं धुताना ते, काजूच्या बिया फोडताना ते. कचेरीतला माणूस टेप घेऊन आला आणि गुडघाभर चिखलात उभं राहून त्याने ते भरून नेलं. नवं बी नुसतं वरच्या शेतात करून बघू म्हणणारी घरंही गीतापायी खाजणात उतरली. कोरगुटाचं बी बहुतेकांनी दळून खाल्लं. पुढच्या वर्षाला राखायचं कशाला?

श्रावणात आठ दिवस पाऊस उघडला. खाजणात खार वर आला. कोरगुट असता तर त्याने तोंड वाकडं करून सोसलं असतं. नवं भात पानांच्या टोकांपासून जळत खाली आलं. गणपतीपर्यंत सगळं खाजण वाळलेल्या झाडूसारखं उभं होतं. त्या दिवसांत मी आढ्याचं पत्रक काढून चौकट वाचली. एकच ओळ होती: हे बियाणे खाऱ्या जमिनीत पेरू नये. ती मी दोनदा वाचली. मग इतर घरांच्या आढ्यांकडे कोणी अजून बघितलेलं नाही ना, एवढाच विचार केला आणि कागद चुलीत सरकवला.

बायका गाणारीच्या दारात जमल्या त्या कापणीच्या सुमारास. खाजणात कापायला काही नव्हतं, म्हणून वेळ होता. माझी चुलती सगळ्यांत पुढे, तिच्या जिभेला गाव भ्यायचा. खाजणात घाल म्हणून कोण म्हणाली, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "आता तुजां गीत शिजय आनी आमका वाड." बायका हसल्या. उपाशी पोटी माणसं किती मोठ्याने हसतात ते मी त्या दिवशी ऐकलं.

ती उंबऱ्यातच उभी होती. म्हणाली, "हिणां वाचलां, तां मियां म्हटलां." आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. चौकटीबद्दल तिने विचारलं होतं, एवढंच.

मी म्हटलं, "खाजनात घालू नये म्हणून लिवलेलां. मियां वाचलेलां. तिणां गाळलां."

भ्याले म्हणून बोलले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तेही तितकंसं खरं नाही. माझा आवाज मुळीच कापला नव्हता. मॅट्रिक झालेल्या मुलीला वाचता येत नाही असं कोण म्हणणार होतं? ती उंबऱ्यातून मागे वळली. मग म्हणाली, "शिकलेलीन सांगलां म्हटल्यार जालांच." आणि आत गेली. पुढच्या लावणीला तिला कोणी सांगितलं नाही. त्या वर्षी बायका मुक्याने रोवत होत्या. ओळी वाकड्यातिकड्या आल्या. तोपर्यंत ती डिचोलीला बहिणीकडे खाणीवर मातीची घमेली उचलायला गेली होती.

काही वर्षांनी मीही याच गावात आले. एकदा ती गिरणीत आली, डोक्यावर तांदळाची पिशवी, पायांना घोट्यापर्यंत लाल माती. मला ओळखलं होतं. पिशवी ठेवून काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि मी गिरण सुरू केली. दळण संपेपर्यंत ती समोर उभी होती. माझ्या गिरणीच्या आवाजात एक वाक्यही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. पीठ घेऊन ती गेली, पुन्हा आली नाही. वारली हे मला दोन पावसाळ्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कसल्या तरी बोलण्यात.

त्याच डिसेंबरच्या भेटीत भाचीने नेटवरच्या त्या गाण्याखाली घालायला माहिती मागितली. गाणारीचं नाव मी सांगितलं. भाषा कोणती या रकान्यापाशी आम्ही दोघी थोडा वेळ अडलो. शेवटी तिथे टीप म्हणून एक ओळ लिहायची चौकट होती. मी सांगितलं: खाजणाची सूचना गाणारीने गाळलेली नाही, वाचून दाखवणारीने तिला ती वाचूनच दाखवली नव्हती. भाचीची बोटं थांबली. वाचणारी कोण ते तिने विचारलं. मी सांगितलं. नाव घालू का, म्हणाली. घाल म्हटलं. तिने घातलं. त्यानंतर चहा न घेताच ती गेली.

गाणं आता पुष्कळ पसरलं आहे. कोणीतरी त्याच्यामागे ढोल बसवले आहेत. मोरजीच्या किनाऱ्यावर उतरलेले लोक त्यावर नाचतात, खाजण म्हणजे काय हे ठाऊक नसताना. आवाज चांगलाच आहे तिचा. खार त्याला लागला नाही. तीन काड्या आणि वीतभर अंतर हा सल्लाही अजून बरोबर आहे. मिठाच्या पाण्यात पोचट बी वर येतं हेही. त्या न्यायाने मी वर तरंगले आणि ती तळाशी बसली. फेकायचं कोणाला ते मात्र गावाने उलटं ठरवलं.

परवा कोरगुट घेऊन एक तरणी बाई आली. दळण होईपर्यंत फोनवर तेच गाणं लावून बसली होती, पाय हलत होता. गिरण बंद करून मी तिच्याजवळ गेले आणि गाण्याखालच्या चौकटीवर बोट ठेवलं. म्हटलं, हे वाच.

तिने अंगठ्याने चौकट वर सरकवली. "तां कायच ना गे, मावशे. घातलेल्याचां नाव आसतलां."

पिठाची पिशवी तिच्या हातात देऊन मी पुढचं दळण ओतलं.