दोन पायल्या हुलगे आणि एक कुपी

हुलगे मला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एक मावशी द्यायच्या. नात्यातल्या नव्हेत, ओळखीतून ओळख निघालेल्या. मी वारूळवाडीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सहा वर्षांपूर्वी, पंचेचाळिशी उलटल्यावर, पीएचडीच्या मागे लागले. का, ते आता मलाही नीट सांगता येत नाही. विषय हुलग्यातली लहान पेप्टाइडं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती तोडली की दोन-चार मण्यांचे तुकडे पडतात, तीच ही पेप्टाइडं. रक्तदाबाची एक गोळी शरीरात जे काम करते, तसंच काम यातले काही तुकडे काचेच्या नळीत करतात. नळीत. हा शब्द मी प्रत्येक कागदावर न चुकता लिहिते. मावशींच्या ओसरीवर मात्र तो म्हणायचा राहिला.

त्या दिवशी वारूळवाडीहून निघून तीन गाड्या बदलल्या होत्या. शेवटची आलीच नाही म्हणून जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं होतं. मावशींनी विचारलं, "येवढं हुलगं नेऊन करता काय बाई? बैलं हायेत का घरी?" मी दमले होते. म्हटलं, "तुमच्या बीपीच्या गोळीत असतं ना, तसलंच काहीतरी यात सापडतंय." पिशवी उचलली आणि निघाले.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तर त्यांच्या सुनेनं मला गोठ्यापाशीच अडवलं. हातात बिस्किटाचा जुना डबा. त्यात गोळ्यांची पाकिटं, एकही फोडलेलं नाही.

"तुमी गेल्यापासनं गोळी बंद. दोन टाइम हुलग्याचं माडगं पित्यात. नर्सबाईनी परवा मशीन लावलं, तर त्याच घाबरल्या."

तिनं आकडा सांगितला आणि मी गोठ्याच्या दगडावरच बसले. मावशींच्या थोरल्या बहिणीच्या अंगावरून याच दुखण्यात वारं गेलं होतं. पलीकडच्या घरात ती खाटेवर पडून असायची. तिला उचलून बसवायला दोन माणसं लागत.

आत जाऊन मी सरळ विचारलं, "मावशी, गोळी का सोडली?"

"तुमीच म्हनाल्या न्हाई का, हुलग्यात हाय म्हनून? मंग घरचं सोडून सरकारी कशापायी गिळू?"

"ते नळीत आहे. पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते मला माहीत नाही."

"मंग सा वर्सं करताय काय तुमी?"

माझे गाइडही दर सहा महिन्यांनी हेच विचारतात, जरा सभ्य भाषेत. मी तासभर समजावलं. शेवटी त्या उठून चुलीपाशी गेल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

निघताना सून हळूच म्हणाली, "बाई, सांगा की, ही गोळी हुलग्याचीच केलीय म्हनून. तुमचं ऐकतील."

परतीच्या गाडीत घोडेगाव येईपर्यंत मी त्यावर विचार केला. सोपं होतं. पण हे मावशींच्या तोंडून दहा घरांत गेलं असतं. गोळी हुलग्याचीच, तर हुलगेच खाऊ, असं म्हणणारं त्यात कुणीतरी निघालंच असतं. खोटं निस्तरायला त्या चढावर पुन्हा मलाच जायला लागलं असतं. माझ्या गुडघ्यांत तेवढा जीव उरलेला नाही.

पुढच्या रविवारी प्रयोगशाळेतली एक कुपी पर्समध्ये टाकून गेले. गेल्या साली त्यांनी दिलेल्या हुलग्यांतून काढलेलं पेप्टाइड. फ्रीजरची वीज गेली, ओल शिरली आणि ते चाचणीला निकामी झालं. फेकायचं जिवावर आलं म्हणून ठेवलं होतं.

मावशींनी कुपी उजेडात धरली. तळाला पांढुरका डाग. "हे काय?"

"तुमचे दोन पायल्या हुलगे. चार महिने लागले काढायला."

"समदं?"

"सगळं."

त्यांनी कुपी तिरकी केली, टिचकी मारली. तरुणपणी त्या पारगावकडे ऊसतोडीला जायच्या, त्यामुळे साखर कारखान्याची भाषा त्यांना ठाऊक. "अवो, उसाला साखरेचा उतारा कमी पडला तर केवढी बोंब व्हायची. तुमचा उतारा तर लईच बेकार, बाई."

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आन् वाटीभर माडग्यात यातलं किती आसंल?"

हा हिशेब मी वर्गात मुलांकडून करून घेते, त्यांना जमत नाही. मावशींनी कुपी माझ्या हातात ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "डबा आन गं."

गोळी गिळल्यावर त्यांना घेऊन मी नर्सबाईंकडे गेले. मशीन लावून झालं, पुढच्या तपासणीचा वार ठरला. परत आल्यावर मावशींनी कणगीतले हुलगे काढले आणि शेरभर मोजून पिशवीत ओतले.

"मावशी, दोन पायल्या लागतात, आठ शेर."

"लागू द्या. येवढी नासाडी मला बघवायची न्हाई. बाकीचं बैलं खातील, त्येंच्या अंगाला तरी लागंल."

शेरभरात माझं काम होणार नव्हतं. पीएचडी आणखी वर्षभर लांबणार हे तिथंच कळलं. मी पिशवी घेतली.

महिन्यानं सुनेला फोन केला. म्हणाली, "रोज घेत्यात, पर तुमाला शिव्या देऊन."

म्हटलं, "देऊ देत. आकडा सांग."

आकडा उतरला होता.