गफ्फार मिस्त्रीची गिटार

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल गफ्फार मिस्त्रीचं नाव पेरणीच्या तिफणीसाठी घेतलं जायचं. तिफण, वखर, डवरे, सगळं तो बनवायचा. मृगाच्या आधी बाळापूर-पातूरकडचेच काय, पार नांदगाव खंडेश्वरचे शेतकरीही त्याच्या दुकानापुढं येऊन बसायचे. बायकोशी उर्दू, बाकी सगळ्यांशी वऱ्हाडी. माणूस मोजकं बोलणारा, कामाला पक्का आणि रागाला वाईट.

आई-वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाहनवाज सात वर्षांचा होता. गफ्फार आणि त्याची बायको बिल्कीस, दोघांनी त्याला पोटच्या लेकरासारखं वाढवलं. गफ्फारला वाटायचं, पोरगा रंधा हाती धरेल. पोरानं धरली गिटार. लग्नाच्या बँडमध्ये दोन वर्षं खुळखुळे वाजवून त्यानं एक जुनी गिटार मिळवली होती आणि दिवसभर ती छातीशी धरून बसायचा.

शहाण्णव सालच्या जून महिन्यातली गोष्ट. पाऊस तोंडावर आलेला, दुकानापुढं सात-आठ जण खोळंबलेले. शाहनवाजला तिफणीचे फण, म्हणजे जमिनीत शिरणारे दाते, ठोकायला सांगितलं होतं. तो मागच्या अंगणात वाजवत बसलेला. कोणीतरी हसून म्हणालं, "मिस्त्री, तुमचा भाऊ आमच्या पेरनीले गानं लावून देते का?" लोक हसले. गफ्फार उठला, मागं गेला, भावाच्या हातातून गिटार ओढली आणि लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर आपटली. एकदा नाही, तीनदा.

शाहनवाज तुकड्यांकडं पाहत उभा राहिला आणि संध्याकाळी घर सोडून गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

अमरावतीत आहे, एवढं कळत राहिलं. आधी बसस्टँडजवळच्या हॉटेलात ताटं विसळायचा, मग चार-पाच वर्षांनी एका ऑर्केस्ट्रात लागला. बिल्कीस वर्षातून दोनदा जाऊन त्याला भेटून यायची. परत आली की गफ्फार विचारायचा नाही, आणि ती सांगायची नाही.

नऊ वर्षं गेली. त्या वर्षांत वऱ्हाडाची कळा उतरली. कापसानं दगा दिला, गावोगाव दावणीचे बैल विकले गेले. ज्याच्याकडं बैल नाही त्याला तिफण कशाला? गफ्फारच्या दुकानात सांगून ठेवलेल्या, बनवलेल्या आणि कोणी न नेलेल्या सहा तिफणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तो दारं-खिडक्या करू लागला. लग्नंही साधी होत गेली, म्हणजे ऑर्केस्ट्रालाही बोलावणी कमी झाली. असंच एक लांबचं बोलावणं करून येताना मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ऑर्केस्ट्राचा टेम्पो उलटला. शाहनवाजच्या डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. बिल्कीस गेली आणि त्याला घरी घेऊन आली. गफ्फारनं वरची खोली झाडून घेतली, खाट टाकली. दोघं भाऊ एकमेकांना सलाम करायचे, त्यापुढं बोलणं नाही. जेवायला बोलवायचं तरी बिल्कीसच्या तोंडून.

हाड जुळलं, पण वाकडं. शाहनवाजची ऑर्केस्ट्रातली गिटार विजेवर वाजणारी, भरीव लाकडाची, धोंड्यासारखी जड. पट्टा डाव्या खांद्यावर टाकला की पाच मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडायचा. एक दिवस त्यानं ती खुंटीला टांगली आणि परत काढली नाही. गफ्फारनं हे जिन्यावरून पाहिलं होतं.

पुढच्या बुधवारी शाहनवाज मालिशसाठी दवाखान्यात गेला तेव्हा गफ्फार वर आला. त्यानं गिटार खाली काढली, तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि पेन्सिलीनं आकार उतरवून घेतला. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं अंतर सुतानं मोजलं, पुन्हा मोजलं. महिनाभर दुकानाचा मागचा भाग त्यानं पडद्याआड ठेवला. पातळ सागवानी फळ्या वाफेवर वाकवल्या, पेटी जोडली, वरच्या फळीला दोन नागमोडी फटी पाडल्या. लाकडाचं वजन कसं उतरवायचं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तारा, चाव्या अन् तारांखाली बसून आवाज टिपणारे पिकअप अमरावतीहून आणले.

मग ती वस्तू त्यानं शाहनवाजच्या खाटेवर नेऊन ठेवली.

"हे काय हाय, भाईजान?" नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं ही हाक मारली.

"उचलून पाहा. खांद्याले लागते का सांग."

शाहनवाजनं उचलली. हलकी होती. त्यानं कोपऱ्यातल्या आपल्या स्पीकरला वायर जोडली, तार छेडली, आणि सबंध पेटी अशी किंचाळली की खालून बिल्कीस धावत आली. गफ्फारचा चेहरा उतरला. शाहनवाज मात्र हसला, कितीतरी दिवसांनी.

"पूर्ण पोकळ केली ना तुमी. पोकळ पेटीत स्पीकरचा आवाज घुसते अन् घुमत राह्यते, म्हणून ओरडते. मधातून एक लाकूड जाऊ द्या, मानेपासून बुडापर्यंत. दोन्ही बाजू पोकळ, मधात भरीव."

"मंग वजन?"

"त्या भरीवाच्या मानानं निम्मं."

"लाकूड कसं पाह्यजे?"

"सरळ रेषेचं. जुनं, वाळलेलं. गाठ नको."

असं लाकूड दुकानात एकच होतं. खुशालराव नावाच्या नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्यासाठी दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या तिफणीची दिंड, म्हणजे सगळे फण ज्यात बसतात तो आडवा ओंडका. पण दुसऱ्याच्या नावानं बनवलेली वस्तू विचारल्याशिवाय कापणं गफ्फारला जमेना. तो एस.टी.नं नांदगावला गेला. घरात खुशालरावांची बायको दुर्गाबाई एकटीच होती.

"ते कुठी आता इथं," ती म्हणाली. "पुन्याले हायेत. एका बिल्डिंगच्या गेटावर बसतात. वावर दुसऱ्याले करायले देलं. बैलच नाई राह्यले मिस्त्री, तिफन कोनाले जुंपू?"

गफ्फारनं चाचरत आपलं काम सांगितलं. गिटार हा शब्द तिला कळला नाही, तेव्हा तो म्हणाला, "वाजवाची वस्तू हाय, वहिनी. भावासाठी."

"कापा," दुर्गाबाई म्हणाली. "लाकडाले किडे लागन्यापेक्षा कोनाच्या हाताले तरी लागू द्या. ह्यायले मी सांगते." तिनं चहा दिला, आणि तो निघताना दारापर्यंत आली.

त्यानंतरचे दोन महिने दोघं भाऊ शेजारी बसून राबले. शाहनवाजला जड उचलवत नव्हतं. तो पॉलिश-पेपर मारायचा, मान उजेडात धरून बाक आहे का पाहायचा. "अजून कागदभर काढा इथून," एवढंच बोलायचा. गफ्फार काढायचा. ठोकळ्याची गोष्ट कोणी काढली नाही. नवी गिटार वाजली तेव्हा तिचा आवाज गोल, थोडा घोगरा निघाला. शाहनवाज उभ्यानं अर्धा तास वाजवत राहिला आणि खांदा दुखला नाही.

एक हंगाम तो ती घेऊन फिरला. पुढच्या उन्हाळ्यात ऑर्केस्ट्रा बंद पडला. मालकानं स्पीकर विकून टाकले. ओळखीतल्या एकानं सुरतेला साडीच्या कारखान्यात काम सांगितलं आणि शाहनवाज तयार झाला. गिटार त्यानं वरच्या खोलीतच ठेवली. "तिथं एका खोलीत अकरा जन झोपतात," तो बिल्कीसला म्हणाला, "कोन वाजवू देईन?"

स्टेशनवर गफ्फार पोचवायला गेला. गाडीला उशीर होता. दोघं बाकावर बसले. गफ्फार म्हणाला, "शाहनवाज, त्या दिवशी माह्या हातून लय वाईट झालं. माफ कर मले."

शाहनवाजनं मान हलवली. "माफ तर कवाच केलं, भाईजान. तुमी मले वाढवलं." मग आपल्या बोटांकडं पाहत हळूच म्हणाला, "पन हात त्याच वयात तयार होतात. चार वर्सं माह्याजवळ गिटार नोती. मंग घेतली, पन जे राह्यलं ते राह्यलंच. लग्नातले गाने वाजवन्याच्या पुढं मी गेलो नाई. ते तुमच्यानं आता भरून देनं होत नाई, अन् मीबी मांगत नाई."

गाडी आली तेव्हा गफ्फारनं पिशवी उचलून डब्यात ठेवली, उतरताना तिचा पट्टा उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचे गज धरून उभा राहिला.

तिकडं शाहनवाजचं लग्न झालं, मुलगी झाली. दरसाल ईदला तो दोन दिवस यायचा. गफ्फार त्याच्या आधी गिटार पुसून, तारा बदलून ठेवायचा. अमरावतीच्या दुकानदाराला आता त्याचं तोंड ओळखीचं झालं होतं. पहिली दोन वर्षं शाहनवाजनं वाजवलं. तिसऱ्या वर्षी हातात घेतली, थोडं छेडलं आणि थांबला. बोटांच्या टोकांचे घट्टे गेले होते. तारा रुतत होत्या.

"बोटं विसरली, भाईजान."

"विसरू दे," गफ्फार म्हणाला. "वाजव."

शाहनवाज वाजवायला लागला. बिल्कीस शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. गफ्फारला सुरातलं काही कळायचं नाही. चुकतंय तेवढं मात्र कळत होतं, कारण दर वेळी शाहनवाज खालचा ओठ दातात धरायचा, लहानपणी खिळा वाकडा गेला की धरायचा तसा. गफ्फार समोर बसून ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं शाहनवाज सुरतेला परत गेला.