अंबाड्यातली पॉपी

आज लेकाच्या सैन्याच्या गणवेशावर लाल पॉपी लावताना कॅनडातल्या हॅमिल्टनची आमची म्हातारी घरमालकीण आठवली.

मी सातवी शिकलेली, नुकतीच आलेली. नोव्हेंबरात इथे युद्धात पडलेल्या जवानांच्या आठवणीसाठी लावतात ते हे कापडी फूल तिने मला दिलं. मी ते सरळ अंबाड्यात खोवलं.

"नो, नो, डिअर," म्हणत तिने ते माझ्या कोटावर, काळजापाशी लावलं. "दुसऱ्या महायुद्धात मी इथे तोफगोळे बनवायचे. भाऊ इटलीत लढला. आलाच नाही."

"माझे आजोबापण इटलीत लढले," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं.

"परत आले?"

"आले."

"नशीबवान!"

टाचणी लावताना तिचा हात थरथरत होता. मला वाटलं, वयामुळे.

या देशाने आम्हाला सगळं दिलं. पुढच्या आठवड्यात लेक त्याच देशासाठी युरोपात सीमेवर निघालाय.

"आई, इट्स जस्ट अ पिन!" तो हसला.

"थांब रे जरा," मी म्हटलं. हात काही स्थिर होईना.