लिटरला वीस

सिरिंजमध्ये ऑइल ओढून घेतलं की सिस्टर ती डोळ्यांसमोर उभी धरायच्या आणि नखानं दोन टिचक्या मारायच्या. हवेचा बुडबुडा वर यावा म्हणून. आता स्कूटरच्या टाकीत बुडबुडा गेला तर काय आभाळ कोसळणार होतं? पण हाताची सवय. मग ऑइल टाकीत सोडायचं, झाकण लावायचं आणि हँडल धरून अख्खी स्कूटर गदागदा हलवायची. कुणी हसलं तर म्हणायच्या, "औषधाच्या बाटलीवर लिवल्यालं असतंय नव्हं, वापरायच्या आधी हलवा?"

जत तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स, मी औषधं देणारा. त्या मूळच्या माणच्या. "पाऊस तितंबी न्हाई, हितंबी न्हाई. बदली झाल्यागत वाटतच न्हाई," असं सांगून स्वतःच हसायच्या.

त्यांची स्कूटर जुनी, टू-स्ट्रोक. म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर प्लगवर काजळी. आता किती घालायचं, यावर सल्ला द्यायला अख्खा तालुका तयार. तुम्हीही असे सल्लागार पाहिले असतील. स्वतःकडे सायकल असते. गॅरेजवाला म्हणायचा, "लिटरला पन्नास मिली घाला बाई, ऊन लय हाय." सिस्टरनी घातलं. स्कूटर निघाली की मागं धुराचा पडदा, आणि त्यात खोकणारे आमचेच पेशंट.

मग त्यांनी कुणाचंच ऐकायचं सोडलं. दर महिन्याला प्लग काढायच्या आणि पेशंटची जीभ बघावी तसा उजेडात धरून बघायच्या. काळा दिसला की डोस कमी. पन्नासाचे चाळीस, चाळिसाचे तीस. एकदा धाडस करून दहावर आल्या, तर चढावर इंजिन जाम झालं आणि प्लग पांढराफटक निघाला. शेवटी वीसवर प्लगला गव्हाळ रंग आला, तेव्हा त्यांनी सगळ्या केंद्राला तो फिरवून दाखवला. डॉक्टरांनाही.

"पिरमापोटी डोस वाढवायचा न्हाई, भाऊ," हे त्यांचं पालुपद. खोकल्याचं औषध पोराला चमचाभर जास्त पाजणाऱ्या आयांना तेच ऐकवायच्या, आणि डब्यातली तिसरी पोळी मी उचलली की मलाही.

एकदा जतहून लस आणायला मी त्यांची स्कूटर नेली. त्यांनी बजावलं होतं, "पेट्रोल भरा. ऑइल मी घालीन." पंपावर इंजिनाला हात लावला तर चटका बसला. दुपारी सिस्टरना याच गाडीवर लांब जायचं होतं. पंपावरचा म्हणाला, "घाला की सायेब, खायाला घालताना हात आखडू नये." मला इंजिनाची दया आली. मी ऑइलची पिशवी घेतली आणि सबंध ओतली.

परतल्यावर सिस्टरनी विचारलं, "निस्तं पेट्रोल हाय नव्हं?"

"हो, नुसतं," मी म्हणालो. का? एक व्याख्यान चुकवावं म्हणून. बाकी काही कारण नाही. त्यांनी माझ्यासमोर सिरिंज भरली, टिचक्या मारल्या, मोजून ऑइल टाकीत सोडलं. तेव्हाही बोलता आलं असतं. मी बघत उभा राहिलो.

लांबच्या एका वाडीत गोवर निघाला होता. माळावर उतरलेल्या मेंढपाळांच्या पोरांना लस द्यायची होती, आणि पाणी संपल्यामुळं ते लोक त्याच दिवशी कृष्णाकाठाला निघणार होते. अर्ध्या वाटेत स्कूटर बंद पडली. सिस्टरनी तीनदा प्लग पदरानं पुसला. शेवटी गाडी बोरीखाली लावली, लसीचा डबा खांद्याला अडकवला आणि चालत सुटल्या. पोचल्या तेव्हा दिवस कलला होता. पहिला कळप पुढं गेला होता, आणि त्याच्याबरोबर नऊ महिन्यांचं पोर घेऊन एक बाई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लग माझ्या टेबलावर ठेवला. काळा, ओलसर. "भाऊ, ह्यात दोन डोस हायेत. एक माझा."

मी मान खाली घातली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जादा दिलं त्येचं काय न्हाई. मानूस चुकतंय. पर दिल्यालं सांगायचं हुतं."

पुढचे बारा दिवस सिस्टर त्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, मेंढरं कुठं दिसली का, कुणाचं पोर तापलंय का. मला जेवण गोड लागत नव्हतं. मग कळलं, कळप सांगलीच्या पलीकडं नदीकाठी आहे. डॉक्टरांना विचारून रविवारी निघाल्या. मला म्हणाल्या, "बसा मागं." डबा मांडीवर घेऊन मी बसलो.

ऊस तुटलेल्या रानात ती बाई भेटली. पोर कडेवर, खणखणीत. त्याला ताप नव्हता, अंगावर पुरळ नव्हतं. मी बांधावर बसलो.

"बाई, येते म्हनला आनि आला न्हाई," ती बाई रागानं म्हणाली. "मी लय येळ वाट बघितली."

"गाडी बंद पडली, पोरी," सिस्टर म्हणाल्या. एवढंच. मग माझ्याकडं वळून, "भाऊ, दंड धरा त्येचा." मी धरला. पोरानं रडून रान डोक्यावर घेतलं.

पुढं सिस्टर निवृत्त झाल्या. सत्काराच्या वेळी मी भाषण केलं. सिरिंज, टिचक्या, गदागदा हलवलेली स्कूटर. लोक हसून बेजार झाले, सिस्टरही. त्या दिवसाबद्दल मात्र मी काही बोललो नाही. बोलून खाली बसलो तेव्हा त्या माझ्याकडं बघत होत्या, नेहमीसारख्याच शांतपणे. मी पाण्याचा ग्लास उचलला.

गेल्या वर्षी माणहून त्यांच्या मुलीचा फोन आला, आई गेली म्हणून.

केंद्राच्या कागदावर त्यांच्या अक्षरात त्या दिवसाच्या उशिराचं कारण अजून आहे : 'वाहन बंद पडले.' सिस्टर, ते बंद पडलं नव्हतं. मी पाडलं होतं.