चंद्रा शिरढोणकर सुखरूप पोचली

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर चहाबरोबरची करमणूक म्हणून. संकेत, स्वप्नं, पूर्वजांचे आवाज... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आता आहे का, तेही सांगता येत नाही. घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

मी कॅनडात ब्रॅम्पटनला राहते, एका ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचचं काम करते. बाबा गेल्यावर आईला, म्हणजे सुमनला, कोल्हापूरहून इकडे आणलं. तिला एकच ध्यास होता – माझ्या पणजीचं, म्हणजे तिच्या आजीचं, माहेरचं नाव शोधायचं. पणजी इंदूरला सासरी असताना बाळंतपणातच गेली. सासरी तिचं नाव रुक्मिणी ठेवलेलं. त्याआधी ती कोण होती, कुणाची होती, कुणालाच ठाऊक नव्हतं. पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. तिच्या मागे राहिलेली तान्ही मुलगी म्हणजे माझी आजी. सुट्टीत बाकीच्या पोरी आजोळी जायच्या, ही एकटीच घरी. शेवटच्या आजारात आजी आईला म्हणाली होती, "मला आजोळच नव्हतं गं. निदान नाव तरी शोध."

कोल्हापूरचा माझा मावसभाऊ संजूदादा जुन्या नोंदी धुंडाळायचा – लग्नाच्या, जन्ममृत्यूच्या, शाळेच्या. फोटो काढून पाठवायचा. मग शनिवारी मी आणि आई लॅपटॉपवर ते झूम करकरून बघत बसायचो. मोडी वाचणारे एक गृहस्थ त्याने शोधले होते. इतकं करून हाती काय आलं, तर पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत वधूचं आडनाव 'शिर...' आणि पुढे पाण्याचा भलामोठा डाग. पहिलं नाव तर त्या डागात पूर्णच गेलेलं. शिरोळकर? शिरगावकर? दादाने त्या आडनावांच्या कितीतरी घरी फोन केले. एका काकांनी तर इस्टेटीत वाटा मागायला आलात का, असंच विचारलं. शेवटी आईही म्हणाली, राहू दे आता.

त्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवर बर्फावरून आई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लगेच करणं भाग होतं. तिचं हृदय आधीच अशक्त, त्यामुळे डॉक्टरांनी मला धोक्याची स्पष्ट कल्पना दिली होती. बाहेर बसून मी काय काय विचार केले ते लिहीत नाही.

ऑपरेशन नीट झालं. आईचं इंग्रजी जेमतेम, म्हणून भाषांतर करायला मला दुपारी रिकव्हरी रूममध्ये बोलावलं. नर्स पंजाबी होती, फार प्रेमळ. शुद्ध नीट आली का बघायला तिने आईला नाव विचारलं. मी मराठीत विचारलं, "आई, तुझं नाव सांग."

आईने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती त्या नजरेत. म्हणाली, "चंद्रा. चंद्रा शिरढोणकर."

मी हबकलेच. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. नंतर माझा हात धरून, अगदी कोवळ्या आवाजात – "अण्णाला निरोप धाडा. म्हणावं, चंद्रा सुखरूप पोचली."

आणि ती झोपली.

नर्सने मला समजावलं, भूल उतरताना वयस्कर माणसं असं बोलतात, काळजी करू नका. मलाही ते पटलं. संध्याकाळी आई जागी झाली ती माझी नेहमीची आई. पहिलं काय विचारलं तर, तू जेवलीस का. दुपारचं तिला काहीच आठवत नव्हतं. शिरढोणकर हे आडनाव तिने कधी ऐकलंही नव्हतं.

मी दादाला फोन केला.  तो म्हणाला, थांब, त्या नोंदीचा फोटो मोडीवाल्यांना पुन्हा दाखवतो. त्यांनी या नावाच्या अंदाजाने बघितलं, तर डागाच्या कडेला 'कर' होतं आणि मधली फिकट अक्षरं 'ढोण'शी जुळत होती. मग दादा शिरोळजवळच्या शिरढोणला जाऊन आला. तिथे आता त्या घरातलं कुणी राहत नाही, पण मिरजेला गेलेल्या एका कुटुंबाचा नंबर मिळाला.

फोन मी केला. वसंतराव म्हणून आईच्याच वयाचे गृहस्थ बोलले. मी फक्त एवढंच विचारलं, की तुमच्याकडे चंद्रा नावाची कुणी होती का? निरोपाचं अक्षरही काढलं नाही.

ते म्हणाले, आमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्नानंतर पंचमीला माहेरी आली होती. तेवढ्यात तिच्या नवऱ्याला इंदूरला नोकरी लागली आणि तिला तिकडे पाठवायचं ठरलं. सगळीकडे पूर आलेला, तशातच निघाली. पोचल्याचं काही कळलंच नाही. सासरची मंडळीही तिकडेच गेलेली, पत्रं टाकली ती परत आली. वाटेतच काही झालं असावं असं धरून चालले सगळे. "पण आमचे अण्णा शेवटपर्यंत पोस्टमनला विचारायचे. चंद्रा पोचल्याचं आलं का काही?"

आजोबांना ते अण्णा म्हणत.  आम्ही कोण ते आणि आईचं ते वाक्य मी त्यांना सांगितलं. 

मग ते म्हणाले, "म्हणजे पोचली. लेकही झाली तिला."

दोन्ही घरच्या कहाण्या नंतर आम्ही पुष्कळ ताडून पाहिल्या. सगळं जुळलं. आई 'शिर'वरून काहीतरी बरळली असेल, असं माझा नवरा म्हणतो. असेलही. पण चंद्रा? अण्णा? तो निरोप? आजीलाच जे माहीत नव्हतं ते आईच्या कानावर घालणार कोण?  

परवा व्हिडिओ कॉलवर वसंतमामा आईला म्हणाले, "ताई, चालायला लागलात की माहेरपणाला या." आई तोंडाला पदर लावून रडली. आता फिजिओथेरपीचा कंटाळा करत नाही, उलट व्यायाम घेणाऱ्या मुलीच्या मागे लागून जिन्याचा सराव करते. मिरजेच्या घराला म्हणे पायऱ्या फार उंच आहेत.