आबांनी बघितलेली जर्सी

गाडी गावाबाहेर काढली तेव्हा आबा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. स्वच्छ धोतर, नवी टोपी, आणि पायाशी एक बोजड पिशवी. हा त्यांचा बाजाराच्या दिवशीचा पोशाख. शाळूची ताटं दवानं भिजलेली होती आणि शिराळ्याकडून कोकरूडला जाणाऱ्या रस्त्यावर दूधवाल्यांशिवाय कुणी नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या गोठ्यात चार दुभती जनावरं आहेत आणि त्यांच्याच दुधावर मी शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आता मी सांगलीला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी माउंटन बाईक चालवतो, म्हणजे जाड टायरची, डोंगरवाटांवर चालणारी सायकल.

सायकल हा आमच्या घरात न बोलायचा विषय आहे. आबांनी जन्मभर कॅरिअरला दुधाचे कॅन बांधून सायकल मारली. पोरगा शिकला तो सायकलवरून उतरायला, हे त्यांचं म्हणणं. मी हौसेनं ती विकत घेतली हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "दारात आणू नको. लोकं इचारतील, नोकरी गेली काय म्हणून." म्हणून माझी सायकल सांगलीच्या खोलीवर असते.

रत्नागिरीचा मंदार माझा कॉलेजमधला मित्र. तो तिथं शाळेत शिकवतो. रविवारी त्याच्या ओळखीतली काही मंडळी सड्यावरून (कोकणातलं उंचावरचं, जांभ्या दगडाचं उघडं माळरान) आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत सायकली नेणार होती. सायकल तो देणार होता. फक्त त्यानं बजावलं होतं की सुती टी-शर्टवर येऊ नकोस, इथं चांगली जर्सी घे, आणि फोटो बघून नाही, हात लावून बघून घे. मी घरी फोनवर सांगितलं, "आबा, शनिवारी रत्नागिरीला चाललोय. जर्सी बघायची आहे. मंदार म्हणतो, हात लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही."

"ह्ये बाकी खरं बोलला," आबा म्हणाले. "मी येतो."

मी चकित झालो. आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. आयुष्यात एकदा त्यांनी मला सायकल चालवताना बघावं असं मला फार वाटत होतं आणि ते आपण होऊन निघाले होते.

मलकापूर मागं पडलं. आंबा घाटाच्या तोंडाशी धुकं होतं. घाट उतरायला लागलो तशी हवा बदलली, गार होती ती ओलसर झाली, आणि काळ्या मातीचा रंग संपून रस्त्याच्या कडेची दरड तांबडी दिसायला लागली. आबांना हा मुलूख नवा. ते प्रत्येक वळणावर चरायला सोडलेल्या गायींकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती.

साखरप्याला चहाला थांबलो. चहा पुष्कळ गोड होता. आबांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "न्यायची कशी? टेम्पो हितलाच बघायचा, का आपला बापू टेम्पोवाला बोलवायचा?"

"काय न्यायचं?"

"जर्सी."

"आबा, ती पिशवीत मावती."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम सगळं समजलं. त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीची गाठ सोडली. आत कोरं दावं, घुंगरांची माळ आणि हळदी-कुंकवाची पुडी होती. आमच्याकडे जर्सी म्हणजे एकच, चार पायांची, दूध देणारी.

"अंगात घालायची असती ती," मी म्हणालो. "सायकल चालवताना."

"कापडाची?"

"कापडाची."

शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ चहा पिता पिता ठसकले. आबांनी दावं परत गुंडाळलं. "तरी मी म्हनत हुतो," ते म्हणाले, "कोकणात कुठली आलीय जर्सी? म्हटलं शिकलेलं पोरगं हाय, कुठल्या सरकारी फार्मावर वळख काढली असंल." मग थोडं थांबून, "मला संध्याकाळची यष्टी बघून दे. म्हशीचं पारडू लहान हाय."

मी बरं म्हणालो. 

रत्नागिरीत शिरताना उन्हं चढली होती. मंदार मांडवीच्या रस्त्याला उभा होता. तो आम्हाला सरळ दुकानात घेऊन गेला. दुकान लहान, पण मालकीण स्वतः सायकल चालवणाऱ्या. सुलभाताई त्यांचं नाव. पूर्वी शाळेत खेळाच्या बाई होत्या, आणि बोलणं अजून मैदानावरचंच.

"कुठे चालवणार? रस्त्यावर की सड्यावर?"

"सड्यावर."

"मग ही नाही, ही नाही, आणि ती तर नाहीच." त्यांनी मी हातात घेतलेल्या तिन्ही बाजूला केल्या. "सुती इथे चालत नाही हो. घाम पिते नि धरून बसते. आमच्या हवेत वाळतच नाही, मग पाठ गारठते. ही रेसवाल्यांची कातडीसारखी चिकटणारी, ती डांबरी रस्त्यासाठी. सड्यावर अंग सारखं हलवावं लागतं, थोडी सैल हवी. पण फार ढगळ घेतलीत तर करवंदीच्या जाळीत अडकाल नि तिथेच राहाल."

आबा स्टुलावर बसले होते. पाहुण्यांच्या घरी मुलगी बघायला आल्यासारखे गप्प. मी एक लांब बाह्यांची जर्सी अंगात घातली आणि आरशासमोर उभा राहिलो. मला छान दिसत होती.

"हुबी करून काय बघतोस?" आबा अचानक म्हणाले. "फिरवून बघ. बाजारात हुबं जनावर कोण घेतं?"

सुलभाताई हसल्या. "बरोबर आहे यांचं. घ्या ती सायकल, बोळातून एक चक्कर मारा."

चक्कर मारली. हात लांब करून हँडल धरलं की जर्सी मागून वर चढत होती आणि कंबर उघडी पडत होती. दुसरी घातली. ती मागून लांब होती, जागेवर राहिली. तिच्या बगलेत बारीक जाळी होती वाऱ्यासाठी, पण बाह्यांचं कापड घट्ट विणीचं. मागं तीन खिसे, त्यातल्या एकाला चेन. "आदळताना मोबाईल उडतो नि दगडावर पडतो," सुलभाताई म्हणाल्या, "म्हणून चेन."

आता रंग राहिला. आबांनी बोट केलं ते एका तांबूस तपकिरी जर्सीकडे. तोच रंग, आमच्या गोठ्यातल्या जर्सीचा.

"ही द्या. मळखाऊ हाय."

"काका, ही घालून हा सड्यावर पडला तर जांभ्याच्या रंगात मिसळून जाईल. शोधायचा कसा?"

"पडतोय कशाला?"

"पडतात हो सगळे."

आबांचं तोंड उतरलं. मी मोरपंखी निळी घेतली. सड्यावरच्या वाळल्या गवतात आणि तांबड्या दगडात लांबून दिसेल अशी. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "खरंच पडतात?" मी कधी कधी म्हणालो. त्यांनी यष्टीचं पुन्हा काढलं नाही, पण राहतो असंही म्हणाले नाहीत.

दुपारचं जेवण मंदारच्या घरी. घर मांडवीतच, मागच्या दारातून समुद्राचा आवाज येणारं. मंदारच्या आईला मी काकी म्हणतो. त्यांना साखरप्याची गोष्ट मंदारनं आधीच सांगितली होती. ताटं मांडता मांडताच त्यांनी सुरुवात केली.

"गाय घ्यायला आलात म्हणे आमच्याकडे? अहो, आमच्या गायी एवढ्याशा. आवडली तर कडेवर घेऊन जाल!"

आबा सकाळपासून पहिल्यांदा हसले. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं (आंबट, दाट कालवण) आणि सोलकढी. आबांनी भाकरी उलटीसुलटी करून बघितली. "लई गोरी हाय. भूक भागंल का हिनं?"

"दोन खा, भागेल."

त्यांनी तीन खाल्ल्या. काट्यांनी मात्र त्यांना दमवलं. शेवटी काकींनीच मासा सोलून दिला.

"तुम्हीपण सायकल चालवायचात ना?" काकींनी सहज विचारलं. मी मान खाली घातली. म्हटलं, आता संपलं.

"चालवायचो की. दूध घालायला. दोन्ही अंगाला कॅन." आबा सोलकढीच्या वाटीत बघत बोलत होते. "ह्याला कालिजात बक्षीस हुतं एकदा. लोकांसमोर देनार हुते. मी दूध घालून तसाच गेलो सायकलीवरनं. दारात शिपाई हुता. त्यो म्हनला, कँटीनचं दूध मागच्या दारानं. म्या म्हनलं, माझं पोरगं हाय आत. तर म्हनला, व्हय व्हय, मागनं जा. मागं गेलो तर कँटीन. भिंतीपल्याड टाळ्या वाजत हुत्या. त्या ह्याच्याच असतील म्हनून ऐकल्या आन परत आलो."

 त्या दिवशी आबा आलेच नाहीत, अशी माझी समजूत होती. बक्षीस घेताना मी शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं होतं. घरी आल्यावर त्यांनी नुसतं "मिळालं का?" म्हणून विचारलं आणि मी "मिळालं" म्हणालो. विषय तिथं संपला होता.

"तवापासनं सायकल डोळ्यासमोर नको वाटती," आबा म्हणाले. "वाढा की जरा कढी."

काकींनी कढी वाढली. "उद्या या माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "मंदारचे बाबा गाडी घेऊन जाणारच आहेत आरे-वारेला. मुलं उतरतात तिथे उभं राहायचं. मजा असते."

आबांनी हो म्हटलं नाही. यष्टीचंही विचारलं नाही. संध्याकाळी ते समुद्रावर एकटेच जाऊन आले आणि पाय धुवून झोपले.

सकाळी मी निघालो तेव्हा ते मोरीत दात घासत होते. मी येतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. एवढंच.

सड्याबद्दल सांगायचं तर वर चढेपर्यंत तो आहे हेच कळत नाही. आंब्याच्या बागा, काजू, बागांभोवतीचे दगडी गडगे, आणि मग एकदम सगळं संपतं आणि समोर आभाळाखाली पसरलेला दगड. पावसाळ्यात इथं फुलं असतात म्हणे. आता गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि जांभ्याची भोकं भोकं उघडी होती. वाट अशी नाहीच. पुढच्या सायकलीचा मागचा टायर हीच वाट. दगड हातापायांतून दातांपर्यंत हादरे देतो. समुद्र दिसत नव्हता, पण वारा तिकडून येत होता आणि घामानं ओली झालेली जर्सी त्या वाऱ्यावर थोड्या वेळात सुकत होती. सुलभाताईंचं म्हणणं मला पाठीवर पटलं.

एका घळीत मी पडलो. पुढचं चाक भोकात गेलं आणि मी करवंदीच्या जाळीत. मंदारनं मागून ओरडून विचारलं, "आहेस का?" मी आहे म्हणालो. बाहीवर पांढरे ओरखडे उठले होते, कापडाचे दोन धागे ओढले गेले होते, आत कातडी शाबूत. जाळीतून सुटायला मात्र दोघं लागले.

मग उतार. समुद्र एकदम समोर आला. दोन किनारे, मधे टेकडीचं नाक, आणि खाली वळत जाणारा रस्ता. त्या वळणावर दहा-पंधरा माणसं उभी होती. एक स्वयंसेवक शिट्टी वाजवून सगळ्यांना मागं सारत होता. सगळे मागं होते. रस्त्याला चिकटून एकच माणूस उभा होता, धोतर आणि नवी टोपी.

मी ब्रेक दाबला नाही. तेवढ्या वेगात मला फक्त त्यांचा वर गेलेला हात दिसला. ते काय ओरडले ते वाऱ्यात गेलं.

नंतर काकींनी सांगितलं. त्या शिट्टीवाल्या मुलानं आबांना तीनदा मागं व्हायला सांगितलं. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "बाबा, तू हो मागं. माझं पोरगं यायचंय, मी हितनंच बघनार." मग तो मुलगाच बाजूला झाला.

किनाऱ्यावर आबा माझ्याजवळ आले. आधी त्यांनी बाही धरून ओरखडे बघितले, मग बाही वर सारून हात बघितला, उलटा करून पुन्हा बघितला. "कापड बरं निघालं," ते म्हणाले. आम्ही शहाळं प्यालो. त्यांनी सायकलचं पुढचं चाक उचलून बघितलं, सोडलं, टायर दाबला आणि एवढ्या हलक्या सायकलीवर कॅन राहतील का, असं मंदारला विचारलं. मंदार म्हणाला नाही राहणार. "मग बरंय," आबा म्हणाले.

दुपारी परत निघालो. काकींनी कोकमं बांधून दिली. या दोन दिवसांत मी रत्नागिरीतलं बघण्यासारखं म्हणतात ते काहीच बघितलं नाही, ना किल्ला, ना मत्स्यालय. प्रवासाला गेलेला माणूस घरी परत येऊन गावांची नावं सांगतो. माझ्याकडे सांगायला एक दुकान, एक जेवण आणि रस्त्याचं एक वळण आहे, आणि मला ते पुरतं.

घाट चढताना आबा बोलायला लागले. एरवी ते गाडीत झोपतात. उतारावर अंग मागं का घेतलंस, जाळीत पडलास तेव्हा डोळे मिटलेस का, गिअर म्हणजे नक्की काय, एवढ्या दगडात पंक्चर कसं होत नाही. मी एकेक सांगत होतो. घाटाच्या माथ्यावर धुक्यात शिरल्यावर त्यांनी डोकं मागं टेकलं. मला वाटलं, झोप लागली.

"सायकल सांगलीला एकटी असती न्हवं खोलीवर?"

"असते."

"पुढच्या खेपेला घिऊन ये."

"कुठं ठेवू? गोठ्यात जागा आहे का?"

"गोठ्यात कशाला?" आबा काचेतून बाहेर बघत म्हणाले. "दारात लाव. म्होरच्या."